‘पॅरिस १९१९’: वेल्सच्या एका गायकाची तबकडी

सन १९१९ च्या जानेवारी महिन्याच्या १८ तारखेस पॅरिस शहरात विजयी राष्ट्रांची शांतता परिषद भरली. चार वर्षांच्या महायुद्धाने युरोपची राखरांगोळी झाली होती. जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया आणि तुर्कस्तान या चार साम्राज्यांची सिंहासने कोसळली होती, किंवा कोसळण्याच्या बेतात होती. आणि जगाच्या नकाशावर नव्या रेघा ओढावयाच्या होत्या. त्याच वर्षाच्या जून महिन्यात, २८ तारखेस, व्हर्सायच्या आरसेमहालात जर्मनीबरोबरच्या तहावर सह्या झाल्या. पुढे चोपन्न वर्षांनी, १९७३ साली, ‘पॅरिस १९१९’ या नावाची एक लाँग-प्ले तबकडी निघाली. ती इतिहासावरील व्याख्यानांची नव्हती, पॉप गाण्यांची होती. गाणारा जॉन केल हा वेल्समधील एका खाणकामगाराचा मुलगा. परिषद भरली तेव्हा त्याच्या जन्मास अजून तेवीस वर्षे अवकाश होता. अशा माणसाने आपल्या गाण्यांस त्या जुन्या वर्षाचे नाव का द्यावे, आणि ती गाणी इतकी उदास असूनही ऐकणाऱ्याचे मन खचण्याऐवजी उभारी का धरते, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

त्याचे उत्तर शोधावयाचे तर पॅरिसपासून नव्हे, वेल्सच्या एका घरापासून आरंभ केला पाहिजे. दक्षिण वेल्समधील ॲमन नदीच्या खोऱ्यात गार्नंट नावाचे गाव आहे. हे खोरे ॲन्थ्रासाइट या जातीच्या, धूर न करणाऱ्या कठीण दगडी कोळशासाठी प्रसिद्ध होते. ९ मार्च १९४२ रोजी जॉन केलचा जन्म या गावी झाला. वडील खाणीत काम करीत, आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. आईची भाषा वेल्श, वडिलांची भाषा इंग्रजी. घरात आजीचा शब्द चाले. आपल्या मुलीने वेल्श न बोलणाऱ्या खाणकामगाराशी लग्न करावे हे आजीस रुचले नव्हते, आणि या घरात इंग्रजी बोलावयाचे नाही असा तिचा दंडक होता. परिणाम असा झाला की, वयाच्या सातव्या वर्षाच्या सुमारास शाळेत इंग्रजी शिकेपर्यंत या मुलास आपल्या जन्मदात्या पित्याशी धड दोन शब्द बोलता येत नव्हते. एकाच चुलीवरचे अन्न खाणारे बापलेक एकमेकांपुढे मुके होते.

आजीस दोष देणे सोपे आहे. परंतु तिच्या हट्टामागे एका समाजाची जखम होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. १८४७ साली इंग्रज सरकारी चौकशी-अधिकाऱ्यांनी वेल्समधील शिक्षणाविषयी जो अहवाल दिला, त्यात वेल्श भाषेवर अज्ञानाचे आणि अनीतीचे खापर फोडलेले होते. वेल्श लोक त्या अहवालास आजही ‘निळ्या पुस्तकांचा विश्वासघात’ या नावाने ओळखतात. त्या शतकात अनेक शाळांतून वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडाचा तुकडा अडकवीत असत. १९११ च्या शिरगणतीत वेल्समधील शंभरांपैकी सुमारे त्रेचाळीस माणसे वेल्श बोलत होती. १९६१ मध्ये ती संख्या सव्वीसवर आली. त्याच सुमारास, १३ फेब्रुवारी १९६२ रोजी, साँडर्स लुइस या वृद्ध साहित्यिकाने रेडिओवरून ‘भाषेचे भवितव्य’ या विषयावर भाषण केले. लोक स्वस्थ राहिले तर ही भाषा लवकरच मरेल, असा इशारा त्यांनी त्यात दिला. त्या एका भाषणातून त्याच वर्षी वेल्श भाषेच्या रक्षणासाठी तरुणांची चळवळ उभी राहिली. मरणाऱ्या भाषेस घरात तरी जागा असावी, एवढेच त्या आजीचे म्हणणे होते. म्हणणे न्याय्य होते. परंतु त्याची किंमत एका लहान मुलाने भरली. दोन भाषांच्या सीमेवर वाढलेल्या माणसास हे दुःख फोड करून सांगावे लागत नाही.

या खोऱ्यांना दुसरे एक धन होते, ते म्हणजे गाणे. खाणवस्तीतील प्रॉटेस्टंट प्रार्थनामंदिरांतून साधी कष्टकरी माणसे चार वेगवेगळ्या सुरांत एकत्र उपासनागीते गात, आणि त्यासाठी गावोगाव मोठे मेळावे भरत. वेल्सची अनेक प्रसिद्ध उपासनागीते पाश्चात्त्य संगीतातील ‘मायनर’ सुरावटीत बांधलेली आहेत. आपल्याकडे कोमल गंधाराने जी हुरहुर निर्माण होते, तिच्याशी या सुरावटीचे नाते आहे. जोसेफ पॅरी हा १८४१ साली मर्थर टिडफिल येथे जन्मलेला संगीतकार बाळपणीच खाणीत आणि लोखंडाच्या कारखान्यात राबला, पुढे कुटुंबासह अमेरिकेस गेला, आणि नंतर मायदेशी परत येऊन प्राध्यापक झाला. त्याची १८७९ मधील ‘ॲबरिस्टविथ’ ही चाल याच जातीची आहे. चाल दुःखाची, पण शेकडो कंठ ती एकदम उचलतात तेव्हा त्या दुःखाचा भार वाटला जातो. दुरावलेल्या घराच्या ओढीस वेल्श भाषेत ‘हिराइथ’ असा एक शब्द आहे. उदासीनता आणि उभारी एकाच चालीत नांदू शकतात, हे वेल्सच्या मुलास कोणी निराळे शिकवावे लागत नाही.

जॉनने लहानपणी पियानोचे शिक्षण घेतले, आणि शाळेच्या वाद्यवृंदात त्याच्या वाट्यास व्हायोला आला. हे वाद्य व्हायोलिनपेक्षा किंचित मोठे आणि खालच्या सुरांचे. मैफलीत मिरविण्यापेक्षा इतरांस आधार देणारे. तेराव्या वर्षी त्यास वेल्सच्या राष्ट्रीय युवक वाद्यवृंदात प्रवेश मिळाला. १९६० साली तो लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजात गेला, आणि १९६३ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेत दाखल झाला.

अमेरिकेत या तरुणाने जे केले ते सुगम मुळीच नव्हते. १९६३ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्क येथे जॉन केज या प्रयोगशील संगीतकाराने एरिक साती या फ्रेंच संगीतकाराची एक छोटी पियानो-रचना ८४० वेळा वाजवून घेतली. अनेक वादकांनी पाळीपाळीने वाजविल्यावर ती अठरा तासांहून अधिक वेळाने संपली. त्या वादकांत केल होते. पुढे ला माँटी यंग यांच्या मंडळीत ते एकच स्वर तासन् तास धरून ठेवण्याचे प्रयोग करू लागले. तंबोऱ्याच्या अखंड नादाची ज्यांना सवय आहे त्यांस या प्रयोगाची कल्पना चटकन येईल. पुढे १९७० पासून यंग यांनी किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्यत्व पत्करले, ते याच ओढीने. केल यांनी आपल्या व्हायोलास गिटारच्या तारा चढविल्या, आणि अनेक तारांवर एकदम गज फिरावा म्हणून त्याची घोडी सपाट करून घेतली. हाच कर्कश आणि गंभीर नाद घेऊन त्यांनी लू रीड यांच्यासमवेत ‘द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ हे वाद्यपथक उभारले. त्यांची पहिली तबकडी १९६७ साली निघाली. महानगरातील व्यसने, एकाकीपणा आणि काळोख हा तिचा विषय. ती त्या वेळी फारशी खपली नाही. पुढच्या पिढीतील असंख्य वादकांनी मात्र तिला गुरुस्थानी मानले. रीड यांच्याशी न पटल्यामुळे १९६८ साली केल त्या पथकातून बाहेर पडले.

अशा कलहाच्या आणि गोंगाटाच्या वाटेने आलेल्या माणसाकडून पुढची कृती आली, म्हणूनच तिचे नवल वाटते. लॉस एंजेलिस येथे एका मोठ्या तबकडी-कंपनीत नोकरी करीत असताना केल यांनी ‘पॅरिस १९१९’ ध्वनिमुद्रित केली. निर्मितीची बाजू ख्रिस टॉमस यांनी सांभाळली. ‘लिटल फीट’ या पथकातील लॉवेल जॉर्ज यांनी गिटार आणि रिची हेवर्ड यांनी ड्रम्स वाजविले. ‘क्रुसेडर्स’ या पथकाचे विल्टन फेल्डर यांनी बास गिटारची साथ केली. आणि विद्यापीठाच्या वाद्यवृंदाने तंतुवाद्ये व फुंकवाद्ये पुरविली. नऊ गाणी, आणि सारा मिळून वेळ अर्ध्या तासाच्या किंचित वर. ज्या कलावंताने एका रचनेसाठी अठरा तास दिले होते, त्याने येथे एकेक गाणे तीन-चार मिनिटांत नीटनेटके आवरले आहे.

पहिलेच गाणे वेल्समधील नाताळाचे आहे. त्याचे नाव डिलन टॉमस या कवीच्या ‘अ चाइल्ड्स ख्रिसमस इन वेल्स’ या गद्यलेखावरून घेतलेले. डिलन टॉमस हा स्वान्सीचा, म्हणजे गार्नंटपासून थोड्याच मैलांवरचा. त्याच्या आईबापांस वेल्श येत असूनही त्यास स्वतःस ती येत नव्हती, आणि १९५३ साली अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी न्यूयॉर्क येथे त्याचा अंत झाला. त्या लेखाचे मूळ बी. बी. सी. च्या वेल्समधील बालकांच्या कार्यक्रमासाठी लिहिलेल्या एका रेडिओ-भाषणात आहे. केल यांच्या गाण्यात नाताळाच्या आठवणीत मधूनच सेबास्तोपोल आणि एड्रियानोपल या दूरच्या नगरांची नावे येतात. ज्या वेढ्यांनी आणि लढायांनी युरोपचे नकाशे बदलले, त्यांतील ही नावे. घरातील सणाचा दिवा आणि युरोपचा रणधुमाळीचा इतिहास एका कडव्यात शेजारी शेजारी बसविलेले आहेत, आणि चाल मात्र उत्साहाची, जणू गावातील मुले दारोदार गात चालली आहेत अशी.

पुढील गाण्यांतही हीच रीत दिसते. ‘अँडालुसिया’ हे स्पेनच्या एका प्रांताचे नाव धारण करणारे मंद प्रेमगीत. ‘मॅकबेथ’ या गाण्यात शेक्सपिअरच्या शोकान्तिकेवर धडाकेबाज रॉक संगीताचा साज चढविला आहे. साऱ्या तबकडीत मोठ्या आवाजाचे गाणे ते हेच. ‘ग्रॅहॅम ग्रीन’ हे इंग्रज कादंबरीकाराच्या नावाचे गाणे नाचऱ्या ठेक्याचे. ‘हाफ पास्ट फ्रान्स’ मध्ये उत्तर फ्रान्समधून आगगाडीने जाणारा एक प्रवासी आहे. तो घरापासून दूर आहे, थकलेला आहे, आणि खिडकीबाहेर सरकत जाणारा मुलूख पाहत आहे. शेवटच्या गाण्यात उतारवयास लागलेली एक चित्रपटतारका येते, आणि ते गाणे केल यांनी जवळजवळ कुजबुजत म्हटले आहे. वेल्स, स्पेन, स्कॉटलंड, फ्रान्स अशी ही भ्रमंती. परंतु कोठेही मुक्काम असा नाही. परदेशी राहणाऱ्या मनुष्याची ही स्मरणयात्रा होय.

मध्यभागी ‘पॅरिस १९१९’ हे मुख्य गाणे आहे. त्यात तहाची कलमे नाहीत, क्लेमांसो वा विल्सन यांची भाषणे नाहीत. गिटार आणि ड्रम्स बाजूस ठेवून तंतुवाद्ये तुटक, टणक आघातांनी एखाद्या दरबारी समारंभाप्रमाणे चालतात. आणि शब्दांत जे येते ते एक भूत. ध्रुवपदात त्या भुतास संबोधून झाल्यावर आवाज हलक्या, निरर्थक अक्षरांत गुणगुणू लागतो. भय आणि थट्टा यांचा असा संगम ऐकून प्रथम हसू येते. मग ध्यानात येते की त्या वर्षी पॅरिसमध्ये खरोखरच भुते हिंडत होती. युद्धात पडलेल्या लक्षावधी तरुणांची भुते मेजवान्यांच्या मेजाभोवती उभी होती, आणि पुढच्या युद्धाची छाया त्यांच्या मागे होती.

त्या परिषदेविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. ब्रिटनचे मुख्य प्रधान डेव्हिड लॉइड जॉर्ज हे स्वतः वेल्श होते. वेल्श ही ज्याची मातृभाषा असा ब्रिटनचा मुख्य प्रधान त्यांच्यापूर्वी झाला नाही आणि नंतरही झाला नाही. ज्या भाषेस सरकारी अहवालाने हीन लेखले होते, त्या भाषेत वाढलेला मुलगा आता जगाचा नकाशा आखावयास बसला होता. राष्ट्रांनी आपले भवितव्य आपण ठरवावे हे तत्त्व तेथे मोठ्या आवाजात उद्घोषिले गेले. परंतु ते सर्वांना सारखे लागू झाले नाही. दिल्लीच्या १९१८ च्या काँग्रेसने परिषदेसाठी ज्यांना आपले प्रतिनिधी निवडले त्यांत लोकमान्य टिळकांचे नाव होते. चिरोल खटल्यासाठी ते त्या वेळी विलायतेतच होते. परंतु पॅरिसला जाण्याचा परवाना त्यांस नाकारण्यात आला, आणि हिंदुस्थानची बाजू त्यांस क्लेमांसो यांना पत्र पाठवूनच मांडावी लागली. व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्या वतीने सह्या केल्या त्या माँटेग्यू साहेबांनी आणि बिकानेरच्या महाराजांनी. आणि जेथे नव्या सरहद्दी आखल्या गेल्या तेथे तरी काय झाले? भाषेप्रमाणे राष्ट्रे करावयाची म्हटले तरी माणसे तशी गटागटाने वस्ती करून राहत नाहीत. एकाच गल्लीत, कधी कधी एकाच घरात, दोन भाषा नांदत असतात. रेघ कशीही ओढली तरी काही लाख माणसे तिच्या नको त्या बाजूस राहिलीच.

केल यांनी हे सर्व मनात धरून गाणे रचले असे म्हणणे धारिष्ट्याचे होईल. परंतु गार्नंटच्या त्या घराची हकीकत ज्यास ठाऊक आहे, त्यास ही दोन चित्रे एकमेकांशेजारी ठेवल्यावाचून राहवत नाही. पॅरिसमध्ये राष्ट्राराष्ट्रांत जी रेघ ओढली गेली, तशीच एक रेघ त्या घरातील जेवणाच्या मेजावर, बाप आणि लेक यांच्यामध्ये ओढलेली होती. दोन्ही ठिकाणी रेघ ओढणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. दोन्ही ठिकाणी तिच्या पलीकडे एक माणूस एकटा पडला.

असा विषय घेऊन कोणी आक्रोश केला असता तर तो समजण्याजोगा होता. केल यांनी तसे केले नाही. अतिशय कुरूप गोष्ट शक्य तितक्या सभ्य रीतीने कशी सांगावी याचा हा नमुना आहे, अशा अर्थाचे उद्गार त्यांनीच पुढे या तबकडीविषयी काढले आहेत. तिच्या सामर्थ्याचे मर्म येथेच आहे. शब्दांत वियोग, म्हातारपण, युद्ध आणि भुते. परंतु प्रत्येक वाद्य आपल्या जागी, प्रत्येक चाल सुस्पष्ट, आणि गाणाऱ्याचा आवाज धीमा, किंचित रुंद वेल्श उच्चारांचा आणि कधीही न रडणारा. दुःखास शिस्त लाभली की त्याचा चिखल होत नाही, त्याचे गाणे होते. प्रार्थनामंदिरात खाणकामगार जे करीत तेच हे. फरक एवढाच की तेथे शेकडो कंठ होते, येथे एकटा गायक आहे आणि त्याच्या पाठीशी वाद्यवृंद उभा आहे. श्रोत्यास उभारी येते ती दुःख नाहीसे झाल्यामुळे नव्हे, तर ते इतक्या डौलाने वाहून नेता येते हे कानांनी अनुभवल्यामुळे.

तबकडी निघाली तेव्हा जाणकारांनी तिची वाखाणणी केली, पण बाजारात तिचा फारसा बोलबाला झाला नाही. पुढे केल पुन्हा कठोर वाटेस लागले. १९७४ ची ‘फिअर’ आणि विशेषतः १९८२ ची ‘म्यूझिक फॉर अ न्यू सोसायटी’ या तबकड्यांत तो सभ्य पडदाही उरलेला नाही. १९८९ साली त्यांनी डिलन टॉमसच्या कवितांस वाद्यवृंदाच्या साथीने चाली दिल्या. दरम्यान ‘पॅरिस १९१९’ हळूहळू आपली माणसे मिळवीत राहिली, आणि त्यांच्या साऱ्या कामात तीच सर्वांत अधिक लोकांस प्रिय झाली. २००९ मध्ये व्हेनिसच्या प्रसिद्ध कलाप्रदर्शनात वेल्सच्या वतीने केल यांची योजना झाली. त्यांनी तेथे मांडलेल्या चित्रफितींच्या कृतीचे नाव वेल्श भाषेत होते, आणि त्याचा अर्थ ‘काळे दिवस’. तिचा विषय बाळपण आणि वेल्श भाषेशी असलेले आपले बिकट नाते हाच होता. त्याच वर्षी वेल्सची राजधानी कार्डिफ येथे त्यांनी वाद्यवृंदासह ‘पॅरिस १९१९’ आरंभापासून अखेरपर्यंत सादर केली. गार्नंटच्या घरातून निघालेली गाणी लंडन, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस अशी प्रदक्षिणा घालून छत्तीस वर्षांनी आपल्या मुलखात पोहोचली.

मोठ्या परिषदांचा इतिहास तहाच्या कलमांत लिहिलेला असतो, आणि ती कलमे पुष्कळदा वीस वर्षेही टिकत नाहीत; व्हर्सायचा तह टिकला नाही, हे १९३९ साली जगाने पाहिले. लहान घरांचा इतिहास कोणी लिहून ठेवीत नाही. तो एखाद्या मुलाच्या मनात राहतो, आणि त्या मुलास सूर सापडला तर कधी काळी गाण्यात उतरतो. ज्यास सात वर्षे बापाशी बोलता आले नाही, त्याने जन्मभर असे काही बोलण्याचा ध्यास घेतला की जे कोणत्याही भाषेच्या दारात अडू नये. त्या ध्यासातील सर्वांत प्रसन्न अर्धा तास म्हणजे ‘पॅरिस १९१९’. ती ऐकणाऱ्यास वेल्श येण्याची गरज नाही. इंग्रजी अर्धवट समजले तरी चालते. घरातल्या एखाद्या माणसाशी बोलावयाचे राहून गेले आहे अशी रुखरुख मनात असली, म्हणजे पुरे.